भिंतीपलीकडचं माप

१

मांजराच्या गळ्यात पट्टा असावा की नसावा, हा काही संसार मोडण्याइतका मोठा प्रश्न नव्हे. पण मास्तरांच्या घरात तो आठवडाभर चहाबरोबर, जेवणाबरोबर आणि शिलाई मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून चघळला गेला. मास्तर म्हणजे शिंपीमास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत संसार, मागे स्वयंपाकघर, त्यामागे हातभर अंगण आणि अंगणाला डोक्याच्या वर जाणारी भिंत. भिंतीपलीकडे एक गोदाम होतं, ते कधीचंच बंद पडलेलं. भिंतीच्या बुडाशी पाणी वाहून जायला ठेवलेलं एक भोक होतं आणि ढमीची ये-जा त्यातूनच चालायची. ढमी हे मांजराचं नाव. भोकातून निघताना पोट अडकायचं, तेव्हा नाव काही चुकीचं ठेवलं नव्हतं.

"बाहेर हिंडणाऱ्या मांजराला पट्टा हवाच," मास्तर म्हणायचे. "उद्या कोणी उचलून नेलं तर आमची म्हणून कशावरून सांगणार?"

"आणि कुठे खिळ्याला अडकून फास बसला तर?" काकू भांडी घासता घासता विचारायच्या. काकू म्हणजे मास्तरांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. "मुक्या जनावराच्या गळ्यात लोढणं कशाला? तुमच्या गळ्यात बांधू का?"

"माझ्या गळ्यात लग्नापासून आहे की."

यावर काकूंनी ओल्या हातांनीच मास्तरांच्या दिशेने पाणी उडवलं आणि त्या दिवसापुरतं भांडण मिटलं.

गल्लीतही दोन तट पडले. कोपऱ्यावरचे औषधवाले मास्तरांच्या बाजूचे. त्यांच्याकडे पैलवान नावाचा बोका होता, त्याने स्वतःचा पट्टा फाडून ठेवला होता, तरी ते पट्ट्याच्या बाजूचे. समोरच्या हेडबाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, काकूंच्या बाजूला. "कुत्र्याचं वेगळं, मांजराचं वेगळं," असं त्या आपल्या बंड्याची साखळी हातात धरून ठासून सांगायच्या.

शेवटी मास्तरांनी सुवर्णमध्य काढला. उरलेल्या निळ्या अस्तराचा पट्टा शिवला, त्यात बोटभर इलॅस्टिक घातलं, म्हणजे कुठे अडकलाच तर ताणून डोक्यावरून निघून यावा. वर एक घुंगरू. काकू अंगणात चिमण्यांना दाणे टाकायच्या, तेव्हा घुंगरू चिमण्यांना सावध करायला. काकूंनी ढमीला मांडीवर घेऊन पट्टा पुढून-मागून पाहिला आणि म्हणाल्या, "बसलाय बाई." बायकोकडून एवढं मिळालं म्हणजे मास्तरांना पावलं.

चार-सहा दिवस छान गेले. मग एका दुपारी ढमी भोकातून आत आली, अंग झटकलं, घुंगरू वाजलं. पट्टा जागच्या जागी होता. त्याच्यावरून एक पांढरा दोरा गुंडाळलेला होता आणि दोऱ्याला एक गाठ होती.

२

इथेच मास्तर चुकले. दुसऱ्या कोणीही तो दोरा सोडवून केरात टाकला असता. पण मास्तर पडले शिंपी. अंथरुणाला खिळलेली माणसं, बाळंतिणी, घराबाहेर पडायचंच नाही असं ठरवून बसलेले हट्टी म्हातारे, ही मंडळी दुकानात येत नाहीत. त्यांच्या घरची माणसं गळ्याभोवती दोरा फिरवतात, जिथे टोक मिळतं तिथे गाठ मारतात आणि दोरा दुकानात पाठवून देतात. टोकापासून गाठीपर्यंत गळ्याचं माप. हातात दोरा आला आणि त्याला गाठ दिसली की मास्तरांच्या लेखी ते गिऱ्हाईक झालं.

त्यांनी दोऱ्याला टेप लावला. ढमीच्या मानेहून थोडं जास्तच भरलं.

"अगं, पलीकडे कोणाला तरी आपला पट्टा आवडलेला दिसतोय. माप पाठवलंय बघ."

"गोदामात कोण राहतंय?"

"असेल एखादा राखणदार. त्याचंही मांजर असेल."

"राखणदाराला तोंड नाही का? येऊन सांगावं की माणसाने."

"तुझ्या तोंडाला घाबरला असेल."

मास्तरांनी हसत हसत पट्टा शिवला. निळ्याच अस्तराचा, घुंगरासकट. ढमीच्या पट्ट्याला तो सैलसा बांधून तिला सोडलं. ती भोकातून गेली, परत आली तेव्हा गळ्यात फक्त तिचा स्वतःचा पट्टा होता. मास्तरांना गंमत वाटली. पोचला म्हणजे.

मग दुसरा दोरा आला. या वेळचं माप बरंच मोठं, दोऱ्याला दोन वेढे बसलेले. मास्तरांनी अस्तर बाजूला ठेवलं आणि जाड खाकी कापडाचा, दुहेरी टीप घातलेला पट्टा शिवला, त्याला मोठं घुंगरू लावलं. एवढा भारी पट्टा घेऊन जाताना ढमी जरा कुरकुरली. पण गेली.

३

पुढच्या दोन-तीन दिवसांत मास्तरांच्या एक गोष्ट ध्यानात आली. दुपारी जेवणं झाली की दुकानात सामसूम असते. मास्तर काज करत बसलेले असतात, ढमी कापड कापायच्या टेबलावर पाय वर करून झोपलेली असते. अशा वेळी मागून घुंगराचा आवाज यायचा.

यात नवल ते काय, मास्तरांनी स्वतःशी म्हटलं. आपणच शिवून पाठवलेत, ते वाजणारच. वाजले नसते तर शिलाईला नावं ठेवायची पाळी. तरीही ते सुई कापडात खोचून ऐकत राहिले. बारीक घुंगरू आणि मोठं घुंगरू, दोन्ही एकदमच वाजत होती. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, थांबायची, परत यायची. मांजर धावतं, थबकतं, उडी मारतं. त्याचं घुंगरू असं एका लयीत वाजत नाही. आणि इतक्या वेळात एकदाही म्यांव नाही, भुंकणं नाही, पाचोळ्यावर पाय पडल्याचा आवाजसुद्धा नाही.

त्याच दिवशी चहाच्या वेळी औषधवाले आले. "मास्तर, आमचा पैलवान दिसला का हो? पत्ताच नाही."

"बोकाच तो. हिंडत असेल कुठेतरी."

"हिंडतो, पण जेवायला घरी येतो. खाण्याच्या बाबतीत तो फार वक्तशीर."

त्यांच्या पाठोपाठ हेडबाई. डोळे रडून सुजलेले. बंड्या नाहीसा झाला होता. फाटकाला आतून कडी तशीच, साखळी खुंटीला तशीच, खाणं ताटलीत तसंच. हेडबाईंनी आयुष्यभर पोरांना दरडावलं होतं, त्या मास्तरांच्या स्टुलावर बसून लहान मुलीसारख्या हुंदके देत होत्या. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"एवढी जाड मान होती हो माझ्या बंड्याची," हेडबाई दोन्ही हातांची ओंजळ करून म्हणाल्या.

मास्तरांना माणसांची नावं आठवत नसत, गळे आठवत. हेडबाईंनी थंडीत बंड्याला झूल शिवून घेतली होती. तिच्या गळ्याचा आकडा आता मास्तरांच्या डोक्यात न बोलावता येऊन बसला. खाकी पट्ट्याचा आकडा तोच.

जगात तेवढ्या मानेचे कुत्रे काय कमी आहेत? मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. तरी ते उठून औषधवाल्यांबरोबर त्यांच्या दुकानापर्यंत गेले. पैलवानाने फाडलेला जुना पट्टा काउंटरखाली पडलेला होता. "बघू," म्हणून मास्तरांनी तो हातात घेतला. टेप लावायची गरज पडली नाही.

४

घरी आल्या आल्या त्यांनी ढमीचा पट्टा काढला. भोकात वीट कोंबली, वर फरशीचा तुकडा टेकवला.

"आता काय झालं?" काकूंनी विचारलं. "आठवडाभर माझं डोकं खाल्लंत पट्ट्यासाठी, आणि आज काढताय?"

"तुझं खरं होतं. मांजराला पट्टा नको."

काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. मग माझं खरं कसं काय झालं?"

मास्तर फरशीचा तुकडा पुन्हा नीट टेकवत राहिले. सांगणार काय? भिंतीपलीकडून माप येतं, आपण शिवून देतो आणि त्या मापाचं जनावर नाहीसं होतं? बोलून दाखवलं असतं तर त्यांचं त्यांनाच हसू आलं असतं. बोलले नाहीत, म्हणून हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ढमी घरातच होती. मधल्या खोलीत, दार लावून. मास्तर दुपारी दार उघडून आत गेले तर ती खिडकीत बसली होती आणि तिच्या उघड्या मानेभोवती पांढरा दोरा होता.

मास्तरांनी तो सोडवला. हातात घेताच गळा कोणाचा ते त्यांनी ओळखलं. टेप त्यांनी लावला, पण तो नुसता मनाची खात्री करायला. तो गळा त्यांनी लग्नाच्या आदल्या महिन्यात पहिल्यांदा मोजला होता, तेव्हा टेप हातातून निसटला होता आणि काकू फिसकन हसल्या होत्या. त्यानंतर किती झगे, किती पोलकी, किती ब्लाउजांचे गळे त्या मापाने कापले असतील, कोण जाणे. वयाबरोबर तो गळा किंचित भरला होता. दोऱ्यातही तेवढाच भरलेला होता.

त्यांनी दोरा चुलीत जाळला. दुसऱ्या दिवशी तसाच दोरा. तोही जाळला. त्यानंतर पुन्हा. दारं-खिडक्या लावून काही उपयोग होत नव्हता आणि ढमी मात्र दोरा सोडवून होईपर्यंत शहाण्या पोरासारखी मान पुढे करून बसायची. सोडवून झाला की मशीनजवळ जाऊन बसायची आणि मास्तरांकडे बघत राहायची. तयार झालं की नाही, असं विचारायला आलेली गिऱ्हाइकं बसतात तशी.

"मी नाही शिवणार," मास्तर एकदा मोठ्याने म्हणाले.

"काय नाही शिवणार?" आतून काकूंचा आवाज आला.

"काही नाही. तू तुझं काम कर."

पण काकूंचं कामात लक्ष नव्हतं. मागे घुंगरं वाजू लागली की त्यांचे हात थांबायचे. नळ वाहत राहायचा, दूध उतू जायचं. एकदा मास्तरांनी पाहिलं, त्या हातात लाटणं घेऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"काय गं?"

"काही नाही. हाक ऐकू आली असं वाटलं."

मास्तरांनी लाटणं त्यांच्या हातातून काढून घेतलं. ते म्हणाले, "चार दिवस बहिणीकडे जाऊन ये की. कितीदा बोलावलंय तिने."

"का हो, भांडायला दुसरं कोणी मिळालंय वाटतं?" काकू हसल्या. पण तयार झाल्या. केस विंचरले, पिशवी भरली, चपला घातल्या. मास्तर रिक्षा बघायला बाहेर गेले. परत आले तर काकू पिशवी घेऊन मागच्या दाराशी उभ्या होत्या आणि कडी काढत होत्या.

"अगं, इकडून कुठे?"

काकूंनी कडीकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "अगं बाई! खरंच की," त्या म्हणाल्या. "वेडच लागलं मला." आणि खो-खो हसत सुटल्या. मास्तरांनीही हसायचा प्रयत्न केला. रिक्षा मात्र परत पाठवली. अशा अवस्थेत तिला एकटीला बहिणीकडे पाठवायची त्यांची छाती झाली नाही.

५

मास्तर तसे देवभोळे नव्हते, भित्रेही नव्हते. त्यांनी सरळ हिशेब मांडला. तिकडच्याला एक गळा हवाय. द्यायचा तर दुसरा देऊ. ही बाई घरात नसेल तर चहा कुठल्या डब्यात असतो हेही आपल्याला ठाऊक नाही, आणि चहा जाऊ दे, ती नसेल तर आपल्याला नको आहे काहीच. हे त्यांनी काकूंना कधी सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

त्यांनी टेप घेतला आणि आरशासमोर उभे राहून स्वतःच्या गळ्याभोवती धरला. शिंप्याला जगाचं माप घेता येतं, स्वतःचं नीट घेता येत नाही. मागे टेप घसरत होता.

"सरका," काकू आल्या. "नवीन शर्ट वाटतं? कोणासाठी एवढा नटणार आहात?" त्यांनी टेप मानेवर नीट बसवला आणि चष्मा नाकावर सरकवून आकडा वाचला. "किती बारीक झाली हो मान! मी जेवायला घालत नाही असं म्हणतील लोक."

"तू घालतेस. मीच खात नाही."

काकूंचे हात त्यांच्या मानेपाशी जरा रेंगाळले. ओले होते, साबणाचा वास येत होता. मास्तरांना वाटलं, आता सगळं सांगून टाकावं. तेवढ्यात मागे घुंगरं वाजली आणि काकूंचे हात खाली आले.

मास्तरांनी पट्टा शिवला. चांगलं कापड घेतलं, घाई केली नाही, शेवटी घुंगरू लावलं. दुपारी काकूंचा डोळा लागल्यावर ते अंगणात गेले. ढमीच्या हाती पाठवायचा धीर त्यांना झाला नाही. भोकातली वीट काढली आणि पोटावर पालथं पडून पट्टा धरलेला हात पलीकडे घातला. मान वाकडी करून पाहिलं.

पलीकडे उजेड होता. वाळलेलं गवत, गोदामाची भिंत आणि तिची सावली. सावलीत दोन पट्टे होते. एक निळा, एक खाकी. दोन्ही एका उंचीवर, माणसाची मान असते तिथे. बोक्याची मान आणि कुत्र्याची मान एका उंचीवर कशी असेल, एवढाच विचार मास्तरांच्या मनात आला. दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये एक जागा सोडलेली होती. पट्टे रिकामे नव्हते, इतकं मास्तर खात्रीने सांगू शकले असते. त्यांच्यात काय होतं, ते मात्र नाही.

मग त्यांच्या हातातला पट्टा कोणीतरी घेतला. ओढला नाही. आधी अंगठा आणि बोटामध्ये धरून कापड चाचपलं, शिवण तपासली, मग घेतला.

मास्तरांनी हात बाहेर काढला, वीट लावली आणि तिथेच मातीत बसून राहिले. आपल्याला आता काय होणार याची वाट बघत होते. काहीच झालं नाही. मान नेहमीसारखी दुखत होती, वाकडी केल्यामुळे. घुंगरं थांबली होती. बऱ्याच दिवसांनी मागची बाजू शांत होती, आणि मास्तरांना रडू आलं ते सुटकेचं.

६

सकाळी काकू गाणं गुणगुणत उठल्या. चहा केला, मास्तरांना दोन टोमणे मारले, दूध उतू गेलं नाही. मास्तर दुकानात बसले. औषधवाले पँट आखूड करायला घेऊन आले होते, मास्तर खडूने खुणा करत होते आणि आपला जीव अजून जागेवर कसा, याचं मनातल्या मनात नवल करत होते.

"अहो!" काकूंनी आतून हाक मारली. "मला वाटलं स्वतःचा शर्ट, आणि हे काय?"

मास्तर आत गेले. काकू आरशासमोर उभ्या होत्या. ढमी पायाशी होती. काकूंच्या गळ्यात पट्टा होता.

"ढमीच्या गळ्यात बांधून पाठवता होय मला? म्हातारचळ नुसता," काकू म्हणाल्या. लाजल्या होत्या. गालावर रंग चढला होता. "पण बसलाय हो. माप न घेता कसा बसवलात?"

कापड मास्तरांनीच निवडलेलं. पण त्यांची टीप उसवून पट्टा आत घेतला होता, जादाचं कापड आत दुमडून पुन्हा शिवला होता. टाके इतके बारीक आणि सारखे की मास्तरांना आयुष्यात तसे जमले नव्हते.

मागे घुंगरं वाजली. दोन, आणि आता काकूंच्या गळ्यातलं तिसरं. काकू मागच्या दाराकडे वळल्या.

मास्तरांनी झडप घालून त्यांचा हात धरला, दुसऱ्या हाताने कातर उचलली आणि पट्टा कापला. कापताना काकूंच्या मानेला ओरखडा आला. पट्टा जमिनीवर पडला.

"अहो, काय करताय? एवढा छान होता!"

"कुठे निघालीस?"

"इथेच. मागे." काकू समजूत घालावी तशा हसल्या. "बोलावतायत ना."

"कोण बोलावतंय?"

काकूंनी तोंड उघडलं. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवू नये तशा त्या संकोचल्या. मग त्यांनी हात हलकेच ओढला. जोर नव्हता त्यात. दारातून निरोप घेताना पाहुणे ओढतात, तेवढाच.

"सोडा ना. लगेच येते."

"नाही," मास्तर म्हणाले.

७

मास्तरांचं दुकान सध्या बंद आहे. एका हाताने शिवता येत नाही. राहिलेले कपडे लोक येऊन घेऊन गेले, काही जण अर्धवट शिवलेलेच घेऊन गेले. ढमी औषधवाल्यांकडे असते. तिच्या गळ्यात काहीही बांधू नका, असं मास्तरांनी त्यांना हात जोडता आले नाहीत म्हणून नुसतं तोंडाने बजावलंय.

बाजारात दोघं हातात हात घालून जातात. पोरंसोरं हसतात. हेडबाईंनी एकदा डोळे पुसत म्हटलं, "या वयातही इतकी माया! काकू, भाग्यवान आहात हो." काकूही हसल्या. त्या चांगल्या असतात. बोलतात, चेष्टा करतात, भाजी निवडून घेतात. मधूनच पावलं मंदावतात, मान घराच्या दिशेने वळते, आणि मास्तरांच्या तळहातात त्यांची बोटं सुटायला बघतात.

मास्तरांचं वय झालंय. झोप अनावर होते. परवा दुपारी बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला, दचकून जागे झाले. हात हातात होता. काकू उठून उभ्या होत्या, दोघांचे हात ताणलेले, मागच्या दाराच्या दिशेने.

"अहो," काकू फार मायेने म्हणाल्या, "तुम्ही थकलाय. किती वेळ धरणार?"

मास्तरांनी दुसरा हातही त्यांच्या हातावर ठेवला आणि घट्ट धरला.